काळ्या द्राक्षांची फिकी वाइन

"पप्पा, त्या बाटलीकडे बघत किती दिवस बसणार?" फेब्रुवारीतल्या एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून घरी आलो, तेव्हा आमची मुलगी स्मिता म्हणाली आणि नाशिकला वाइनचा द्राक्षमळा बघायला जायचं तिथेच ठरलं. बाटली माझ्या बायकोची, फिलूची. तिने केलेल्या शेवटच्या वाइनपैकी ती एकच उरली होती. फिलूला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

वसईतल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांत नाताळची वाइन घरीच होते. फिलू मार्चमध्ये काळी द्राक्षं आणायची, चुरडून साखर घालून चिनी मातीच्या बरणीत भरायची आणि पुढे तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्याने ढवळायची. ढवळणारा हात एकच हवा, दुसऱ्याचा लागला की वाइन नासते, असं तिला तिच्या आईने सांगितलं होतं. मी दांड्याला बोट जरी लावलं तरी ओरडा खायचो. सत्तावीस वर्षं आमची वाइन गडद लाल आणि जिभेला किंचित तुरट व्हायची. शेवटची तेवढी फिकी, जवळजवळ पांढरी निघाली. यंदा बरणी मी लावणार होतो, म्हणून आधी तिची शेवटची वाइन का बिघडली ते मला कळायला हवं होतं.

माझा संशय ठरलेला होता. काळ्या द्राक्षांची वाइन लाल आणि हिरव्यांची पांढरी, एवढंच माझं ज्ञान. म्हणजे बाजारातल्या कमळाबाईने द्राक्षांत गडबड केली. त्या नाताळनंतर मी तिला चार लोकांत सुनावलंही होतं. "मी काय पानी घातला काय द्राक्षांन?" एवढंच ती म्हणाली होती. तेव्हापासून मी तिच्या टोपलीकडे फिरकलो नाही.

शनिवारी पहाटे सहाला निघालो, गाडी स्मिताच्या हाती. वसईहून जाणार असाल तर चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता घ्या, पण कंबर घट्ट बांधून. खड्डे आणि कंटेनर यांच्यात कोण जास्त हे सांगता येणार नाही. शहापूरनंतर रस्ता सुधारतो. कसारा घाट चढून इगतपुरीला चहा घेतला, नाशिकला मिसळ खाल्ली. मिसळ इतकी तिखट की मला रडायला चांगलं निमित्त मिळालं. स्मिताने दह्याची वाटी पुढे सरकवली.

द्राक्षमळा शहराबाहेर धरणाच्या बाजूला आहे. शंभर रुपयांत मळा दाखवतात आणि पाच प्रकार चाखायला देतात. चालवणाऱ्याने चाखू नये, त्यामुळे स्मिताचे पेलेही माझ्याच वाट्याला आले. फेब्रुवारीतच जा, तोडणी बघायला मिळते. माहिती सांगणारी मुलगी स्मिताच्याच वयाची होती. तिने माझ्या हातावर एक काळं द्राक्ष ठेवलं.

"काका, फोडून बघा. आतून कसं आहे?"

आतून ते पाणेरी होतं.

"रंग सगळा सालीत असतो," ती म्हणाली. "साल रसात ठेवून आंबवलं की लाल वाइन. साल आणि बिया यांच्यामुळेच ती तुरट लागते. पांढरीसाठी रस लगेच वेगळा काढायचा आणि नुसता रस आंबवायचा. काळ्या द्राक्षांचीसुद्धा पांढरी होते."

"आणि साल दुसऱ्या दिवशी काढून टाकली तर?"

"मग फिकी होणार. पण लाल करायला घेतल्यावर असं कोण करेल? हां, साल फुगून वर येते, तिचा जाड थर होतो. तो रोज खाली दाबावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. दाबायला हातात जोर लागतो हो. तो नसेल तर काढूनच टाकावी लागेल."

मी पेला खाली ठेवला. त्या मार्चमध्ये बरणी लावल्याच्या दुसऱ्याच सकाळी आमच्या वाडीत केळीच्या बुंध्याशी सालींचा ढीग पडला होता. मी तो पाहिला होता आणि ओलांडून पुढे गेलो होतो.

दहा महिन्यांनी फिलूच्या हातून कप पडायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, हातातला जोर कधीपासून कमी झालाय? मीच ठामपणे सांगितलं, "महिनाभर. नाताळनंतर." ती शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मेंदूतली गाठ तोवर मोठी झाली होती. आधी कळलं असतं तर ती वाचली असती का, हे मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पण मला आधी कळायला हवं होतं.

परतताना घाटात स्मिताने गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघं बराच वेळ रडलो.

सोमवारी बाजारात गेलो. कमळाबाईला म्हटलं, "चूक माझी होती. द्राक्षं चांगली होती." तिने राग धरला नव्हता. द्राक्षं तोलता तोलता म्हणाली, "वैनीला त्या टायमाला पिशवी उचलत नव्हती. मीच रिक्षान ठेवून दिली. तुमाला सांगू नको बोलली."

यंदाची बरणी मी लावली आहे. थर दाबताना तिसऱ्या दिवशी माझाही खांदा भरून आला. स्मिता मदतीला आली तर तिला मी दांडा दिला. वाइन नासली तर नासली.

मळ्यातल्या मुलीने जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. लाल वाइन फार गार करत नाहीत, पांढरी मात्र गारच प्यायची. आम्ही त्या नाताळला फिलूची फिकी वाइन नेहमीच्या लालसारखी गार न करताच वाढली होती. पाहुण्यांदेखत मी विचारलं होतं, "यंदा काय, विहिरीचं पाणी भरलंस?" सगळे हसले होते, तीही हसली होती. माझा पेला मी अर्धा टाकून उठलो होतो.

काल ती शेवटची बाटली फ्रिजमध्ये ठेवून उघडली. वाइन चांगली झाली होती, फिलू. फार चांगली झाली होती. या वेळी मी पेला पुरा संपवला.