बादलच्या कपाळावरचा भंडारा

दगडूमामा गेल्याचं मामीनंच फोनवर सांगितलं. रडली नाही. "तुजा मामा गेला गं," म्हणाली आणि लगेच, "बादल सकाळपासून पान्याला तोंड लावीना. तू ये." डिंगोऱ्याला पोचले तेव्हा अंगणात माणसं दाटली होती आणि गोठ्यात तो लंगडा बैल दाराकडं बघत उभा होता. त्याला आता महिना उलटून गेला...

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तिरसट आणि हट्टी. माणसांशी बोलायचं जिवावर यायचं त्याच्या, बैलांशी मात्र तासन्‌तास गप्पा! बादल आणि पक्ष्या ही त्याची जोडी जुन्नर-आंबेगावच्या शर्यतींत लई नावाजलेली. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा सुटायच्या वेळी मामा दोघांच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि उरलेली मूठ वर उधळायचा. ती हळद उडाली की जोडी सुटलीच, दुसरा इशारा लागायचा नाही.

मग कोर्टाच्या बंदीनं शर्यती थांबल्या. हायवेलगतच्या एका पर्यटन केंद्रानं जोडी मागितली. बाजारात उभी करण्यापेक्षा बरं, म्हणून मामानं दिली, शर्यती सुरू झाल्या की परत न्यायच्या बोलीवर. तिथं बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना गोंडे, वर 'घाटाचे राजे' अशी पाटी. रंगीत गाडीत पाहुण्यांना बसवून बागेला फेरी मारायची, एवढंच राजांचं काम. मामा पहिल्यांदा त्यांना बघायला गेला तेव्हा मी सोबत होते. फेरी संपून गाडी रिकामी झाली होती, बैल अजून जुंपलेलेच. दोघं मामाचा हात चाटायला लागले आणि त्या तिरसट माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं खिशातली पिशवी काढली, दोघांच्या कपाळाला भंडारा लावला आणि सवयीनं उरलेली मूठ वर फेकली.

जोडी सुटली. खाली गुळगुळीत फरशी, समोर कारंज्याचा कठडा... पक्ष्या वाचला. बादलचा मागचा पाय कायमचा गेला.

केंद्रवाले मामाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानं दोन्ही बैल टेम्पोत घालून घरी आणले. पुढं पक्ष्या म्हातारपणानं गेला. बादलचा पाय मामा रोज शेकायचा, तेल चोळायचा. शर्यती पुन्हा सुरू झाल्या, गावोगावचे घाट गजबजले, पण मामा कुठं फिरकला नाही. भंडाऱ्याची पिशवी त्यानं गोठ्याबाहेर खुंटीला टांगली होती. देवाचं नाव घेऊन स्वतःच्या कपाळाला लावायचा आणि आत जाताना पुसून टाकायचा. एकदा मी चिडले. म्हटलं, मामा, पुरे झालं आता, त्या मुक्या जनावराला काय आठवतंय?

"त्याला आठवत व्हतं म्हनून तर पळाला," तो म्हणाला. "त्याचं काय बी चुकलं न्हाई."

दहाव्याचे विधी उरकून घरी आल्यावर मामी म्हणाली, बादललाही भंडारा लावू, तोही घरातलाच. मी खुंटीवरची पिशवी काढून दिली. बादल बसला होता. मामीचं बोट कपाळाला लागलं तसा तो धडपडत उठला. मान खाली घातली, पुढचे खूर मातीत रोवले. लंगडा पाय थरथरत होता, तरी तो मूठ उडायची वाट बघत राहिला.

मामीनं उरलेल्या भंडाऱ्याची मूठ घट्ट मिटली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "बस रं लेकरा... मूठ टाकनारा गेला."

मी पिशवी परत खुंटीला अडकवली. बादल मात्र अंधार पडेपर्यंत तसाच उभा होता.