मयत बाईचे वेळेवर हप्ते

शिवणवाल्या काकू बँकेत कर्ज मागायला गेल्या आणि मेल्या.

म्हणजे टोकन हातात धरून चांगल्या पंख्याखाली बसल्या होत्या. साहेबांनी संगणकावर त्यांचा पतअहवाल उघडला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि हळूच सांगितलं की काकू, इथं तुम्ही मयत दिसताय. दोन वर्षं झाली. मयताला कर्ज कसं देणार?

कर्ज हवं होतं जाड कापड शिवायच्या मशीनसाठी. दोनशे दप्तरांचं काम मिळत होतं. जुन्या मशीनला ते कापड झेपत नव्हतं. दोन महिन्यांत नवं आलं नाही, तर काम दुसरीकडे जाणार होतं.

घोळ त्यांना घरी जाताजाताच उमगला. घराचं कर्ज नवराबायकोच्या नावावर होतं. नवरा गेल्याचा दाखला त्यांनीच दोन वर्षांपूर्वी त्या कर्जाच्या कंपनीत नेऊन दिला होता, आणि तिथल्या कुणीतरी एका दाखल्यात दोघांना पोचवलं होतं.

नणंद म्हणाली, "वहिनी, जन्मात सुट्टी घेतली नाहीस. शेवटी बँकेनंच दिली."

साहेबांनी हातात दिलेल्या अहवालाच्या मागं बारीक अक्षरात छापलं होतं की अहवालातल्या चुकीबद्दल तक्रार करणं हा ग्राहकाचा हक्क आहे, पैसे पडत नाहीत, उत्तर तीस दिवसांत. काकूंनी लगेच अहवाल काढणाऱ्या कार्यालयाला लेखी तक्रार पाठवली. आठवड्यानं उत्तर आलं, जोडलेले कागद मिळाले नाहीत.

काकूंनी देवाला हात जोडले आणि मशीनवर बसल्या. अर्ज, ओळखपत्र, नवऱ्याचा दाखला, पावत्या, सगळं एकावर एक ठेवून, चाक हातानं फिरवत लाल दोऱ्यानं दुहेरी शिवण मारली. अर्जाखाली लिहिलं, "माझ्या मृत्यूनंतर मी भरलेले चोवीस हप्ते सोबत आहेत. एकही उशिरा नाही."

विसाव्या दिवशी त्या कार्यालयातल्या मुलीचा फोन आला. "काकू, कागद स्कॅन करायचेत. शिवण उसवू का?"

"उसव गं. पण आधी पानं मोज, आणि किती भरली ते मला लिहून पाठव."

सव्विसाव्या दिवशी काकू जिवंत झाल्याचं पत्र आलं. ते घेऊन त्या बँकेत गेल्या. साहेब हसून म्हणाले, आता काही अडचण नाही, नेहमीची कागदपत्रं तेवढी द्या.

काकूंनी पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी वरचं पान उचललं, तर सगळाच गठ्ठा वर आला.