चार सेकंदांचा वन्स मोअर

गेल्या शनिवारी नवऱ्याला घेऊन सिनेमाला गेले... सिनेमा माझा होता. म्हणजे, माझा असल्याचं मी तीस वर्षं सांगत आले होते.

कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर मढला फिरायला गेले होते. तिथल्या एका बंगल्याच्या आवारात मराठी सिनेमाचं शूटिंग चाललेलं आणि गर्दीतल्या बायका कमी पडत होत्या. आम्हाला धरून नऊवारी नेसवली, डोक्यावर भरलेली घागर दिली आणि तिथेच उभारलेल्या पाणवठ्यावर हिरॉइनच्या मागून चालायला लावलं. कॅमेऱ्यात बघायचं नाही, एवढी एकच सूचना.

सिनेमा रखडत रखडत लागला तेव्हा मी बाळंतपणाला कणकवलीला... परत येईपर्यंत उतरलेला. टीव्हीवर लागतो तेव्हा नेमका तो पाणवठ्याचा सीन कापलेला असतो. यूट्यूबवर पण तीच प्रिंट. (सिनेमाचं नाव सांगत नाही, कमेंटमध्ये भांडणं होतील.)

त्यामुळे नवऱ्याला आयतंच कोलीत मिळालं. मालवणी माणूस, तोंडाचा फटकळ. पाहुणे आले की सुरू, "आमची मिसेस सिनेमात होती हां, फकत दिसाक नाय." सगळे हसायचे, मीही हसायचे... पण लागायचं. आपण खोटारड्या ठरतोय असं वाटायचं.

मुलं मार्गी लागल्यावर यंदा मी एमएला ॲडमिशन घेतली. वर्गातले तेजल आणि निखिल माझ्या मुलांपेक्षा लहान, पण आमची गट्टी जमली. काकू म्हणतात आणि अगंतुगं करतात. आमच्या युनिव्हर्सिटीत एक छोटं थिएटर आहे, शनिवारी दुपारी तिथे फिल्म क्लब जुने सिनेमे दाखवतो. या दोघांनी क्लबच्या मागे लागून माझा सिनेमा लावायला लावला, तोही न कापलेली प्रिंट मिळवून.

नवरा भांडुपच्या घरून माझ्याबरोबर "बघूया तरी" म्हणत आला. मी मनात म्हणत होते, सीन नसलाच तर? किंवा सीन असला आणि त्यात मीच नसले तर?

हिरॉइन पाणवठ्यावर आली आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. खरंच. एवढी वर्षं वाट बघितली आणि ऐन वेळी वाट लावली.

"काकू, ती बघ तू," तेजलने दंड धरून हलवलं. डोळे उघडले तर पडद्यावर बैलगाडी.

"कुठे होते गं मी?"

"गेलीस ना यार आत्ता," निखिलने कपाळावर हात मारला. मला रडूच आलं.

तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर." नवरा उभा राहिला होता. नाटकात पदाला देतात तसा, सिनेमाला.

आधी लोक हसले. मग तेजल-निखिल ओरडायला लागले, मग मागची रांग, मग अख्खं थिएटर. सिनेमा चालवायला लॅपटॉपपाशी क्लबची एक मुलगी बसली होती. सिनेमा मध्ये थांबवायचा नाही हा त्यांचा कडक नियम. ती हसली आणि तिने सिनेमा मागे घेतला.

या वेळी पापणीसुद्धा हलवली नाही. आलेच मी... एकोणीस वर्षांची, काटकुळी, घागर तिरकी, अर्धं पाणी खांद्यावर. आणि बजावलेलं असूनही सरळ कॅमेऱ्यात बघतेय. म्हणजे सरळ माझ्याकडे. काय आवडली मला ती पोरगी.

टाळ्या पडल्या. मी उभी राहून घेतल्या. लाजले वगैरे अजिबात नाही.

तेजल, निखिल, आभार मानले तर तुम्ही मला वेड्यात काढाल, पण मानते. तुमच्या वयाच्या माझ्याशी तुम्ही माझी भेट घडवलीत.

रोल चार सेकंदांचा आहे, निखिलने मोजला. काल शेजारचे आले होते, त्यांना नवरा पाच मिनिटांचा म्हणून सांगत होता... मी चहा गाळत राहिले.