भिंगरीची गाडी उजवीकडे वळते

भिंगरी हे तिचं घरचं नाव. मी शाळेत शिकवायचे; माझ्या वर्गात होती तेव्हा तिचा बाक रिकामा असायचा आणि ती खिडकीशी. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, तिच्या रोपवाटिकेत येणारी माणसं तिला ताई म्हणतात. थोरल्या भावासाठी मात्र ती भिंगरीच आहे. रोपवाटिका आमच्या कुंपणाला लागून आहे, त्यामुळे इथे सांगते त्यातलं बरंचसं मी कुंपणापलीकडून ऐकलेलं आहे आणि शेवटचं गाडीत बसून पाहिलेलं.

गाडी म्हणजे तिच्या बाबांची पिकअप. गोल दिव्यांची, फुगीर मडगार्डांची, वयाने भिंगरीहून थोडी मोठीच. बाबा गेल्यावर ती दोघा भावंडांच्या नावावर झाली, पण चालवली एकट्या भिंगरीने. कुंड्या, खत, मातीची पोती, लोकांच्या बागांसाठी रोपं, सगळं त्याच गाडीतून जायचं. मग ती शिडीवरून पडली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण जोर काही परत आला नाही. त्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे गच्च बसलेलं झाकण उघडायचं, तेही प्रत्येक वळणावर. त्यातून ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. एकदा भाजीवाल्याच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. हे दादाच्या कानावर गेलं.

दादा मनाने वाईट नाही. त्याला काळजी फार, आणि काळजी वाटली की तो हुकूम सोडतो. त्याने एक हॉटेलवाला शोधून आणला. त्याला ही गाडी हॉटेलच्या दारात उभी करायची होती, मागच्या हौद्यात माती भरून फुलझाडं लावायला.

"शोभा येईल गाडीला," दादा म्हणाला. "सावलीत उभी राहील, रोज कुणीतरी पुसेल."

"मी जन्मभर कुंड्या विकल्या," भिंगरी म्हणाली, "आता बाबांच्या गाडीचीच कुंडी करू?"

"मग काय करशील? एका हाताने चालवशील?"

"गाडी जड आहे ना? मग तिला हलकी करीन."

दादा हसला. मग शाळेत परीक्षकाचा व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला. "ठीक आहे. मला महिनाभर बाहेरगावी काम आहे. आलो की भरलेली गाडी घेऊन पाण्याच्या टाकीच्या उतारावरून खाली ये. स्टिअरिंगला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागायचा नाही. आलीस तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर मी हॉटेलवाल्याला हो म्हणणार."

"म्हण की," ती म्हणाली आणि झारी उचलून चालू लागली.

कामाला तिने मिस्त्रीला धरलं. पलीकडच्या गल्लीत त्याचं लोखंड कातायचं लेथ मशीन आहे. माणूस जाडजूड आणि हळवा, बोलताना कायम कपडा घेऊन हात पुसणारा. दोघांनी भंगारातून नंतरच्या काळातल्या एका पिकअपचा पुढचा भाग मिळवला. जुन्या गाडीला पुढे एकच अखंड जाड दांडा होता आणि त्याखाली स्प्रिंगचे पाटे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही दचकायचं. नव्या सांगाड्यात प्रत्येक चाकाला स्वतःची गोल स्प्रिंग होती आणि ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक.

पहिली अडचण हबची. चाक ज्याच्यावर बसतं त्या नव्या हबला सहा बोल्ट, बाबांच्या चाकांना पाच. भिंगरीला चाकं जुनीच हवी होती. पुढे सहा आणि मागे पाच असले, तर एकच स्टेपनी दोन्हीकडे कशी चालणार? मिस्त्रीने हब लेथवर चढवले, जुनी भोकं बुजवली, नवी पाच पाडली. भिंगरी रोपांना बांधते तशी एकेका भागाला चिठ्ठी बांधत होती. कुंपणावरून पाहिलं तर लोखंडाचीच रोपवाटिका वाटायची.

एका गोष्टीला मात्र तिने हात लावू दिला नाही. स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा बॉक्स बाबा दर वर्षी स्वतः उघडायचे, पुसायचे, ग्रीस भरायचे. "हा आहे तिथेच राहील," ती म्हणाली. "बाकी सगळं बदला." मिस्त्री बरं म्हणाला. पुढचा सगळा भाग नवा बसला आणि बॉक्स राहिला जुन्या जागी, चाकांच्या मागे.

गाडी लोखंडी घोड्यांवर उचललेली असतानाच त्यांनी स्टिअरिंग फिरवून पाहिलं. भिंगरी आत बसली होती, तिला फुगीर मडगार्डांमुळे चाकं दिसत नव्हती. मिस्त्री खाली उताणा, डोकं पुढे आणि पाय मागे करून पडला होता.

"फिरतायत का?" तिने विचारलं.

"लोण्यासारखी, ताई!"

कुठल्या बाजूला फिरतायत, हे दोघांनीही विचारलं नाही.

नेमका त्या दुपारी दादा परतला. भिंगरीने ऐटीत गाडी सुरू केली आणि फाटकाकडे, म्हणजे उजवीकडे, स्टिअरिंग फिरवलं. गाडी डावीकडे निघाली. तिने आणखी उजवीकडे फिरवलं, गाडी आणखी डावीकडे गेली आणि खताच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली.

दादाला हसू आवरेना. "अगं, गाडीवर तुझा गुण उतरला! सांगावं एक, करते भलतंच!"

मिस्त्रीने हात पुसायला कपडा घेतला आणि त्याच कपड्यात तोंड लपवलं. "ताई, मी लेथवरचा माणूस. चाकं मी सुटीच बघितली हो. गाडीखाली फिरताना कधी बघितलीच नाहीत."

"रविवारपर्यंत वेळ देतो," डोळे पुसत दादा म्हणाला. "हॉटेलवाला रोज फोन करतोय."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी चहा टाकला. तिने टेबलावरची माझी पट्टी उचलली आणि मध्यावर बोट दाबून धरली. "बाई, हे चाक समजा. हिचं मागचं टोक मी डावीकडे ढकललं, तर पुढचं कुठे गेलं?"

"उजवीकडे."

"आणि पुढचंच टोक डावीकडे ढकललं तर?"

"डावीकडेच जाणार की."

"हेच झालंय. जुन्या चाकांना ढकलणारे हात मागे होते, नव्यांचे पुढे आहेत. बॉक्स मात्र अजून मागेच बसून पूर्वीसारखा ढकलतोय." तिने पट्टी खाली ठेवली. चहा निवला तरी तिचं लक्ष नव्हतं.

मिस्त्रीने एक सोपी वाट काढली होती. डाव्या चाकाचा हातासकटचा जोड उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावला की ते हात आपोआप मागे जातात, बॉक्सला धक्का नको. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेही करून पाहिलं. गाडी सांगितलेल्या बाजूला वळली. मिस्त्रीने टाळी वाजवली. भिंगरी मात्र खाली उतरून मातीकडे पाहत राहिली. चाकांचे ठसे स्वच्छ उमटायला हवे होते, तिथे वळणावर टायर फरफटल्याच्या रेघा होत्या. दोन चाकं दोन वेगळ्या वळणांना निघाली होती.

"चालेल की, ताई."

"अंगणात चालेल. भरलेली गाडी उतारावर आली की नाही चालणार." तिने एका रेघेवरून बोट फिरवलं. "परत फिरव सगळं. आणि बॉक्स काढ. नको, थांब. मीच काढते."

बाबांनी आवळलेले ते बोल्ट सुटता सुटेनात. डाव्या हाताने पाना धरून, त्यावर पाय देऊन तिने एकेक सोडवला. चासीला पुढे नवी पट्टी वेल्ड केली, बॉक्स चाकांच्या पुढे नेला, त्याचा दांडा पुढच्या बाजूला वळवला, म्हणजे आता तो उलट बाजूला ढकलणार. स्टिअरिंगपासून तिथवर पोचायला मिस्त्रीने लांब रॉड करून दिला. हे चालू असताना दादा येऊन उभा राहिला.

"बाबांचा बॉक्स हलवलास?" त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"हलवला. मी नाही का लग्न होऊन दुसऱ्या घरी गेले? म्हणून काय बाबांची राहिले नाही?"

जवळच पडलेला ग्रीसचा डबा दादाने पायाने तिच्याकडे सरकवला.

रविवारी सकाळी हौदा मातीच्या पोत्यांनी आणि मोठ्या कुंड्यांनी भरला. पुढच्या लांब सीटवर भिंगरी, पलीकडच्या दाराशी दादा आणि मधे मी. "बाई साक्षीदार," ती म्हणाली. "हा नंतर शब्द फिरवील."

चढ सहज गेला. टाकीपाशी तिने गाडी वळवली आणि उताराला लावली. तो उतार ज्यांना माहीत आहे त्यांना तळाचं वळण सांगायला नको. रस्ता एकदम उजवीकडे मुरडतो आणि समोर भिंत. दादाने दोन्ही हात डॅशबोर्डवर रोवले होते. त्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी तो दाबत होता.

"हळू, भिंगरे!"

"हळूच आहे. तुझ्या पोटात जोरात असेल."

भिंत जवळ आली. तिने ब्रेक दाबला. गाडी ना डावीकडे ओढली गेली, ना उजवीकडे. चारी चाकं एकमताने मंदावली. मग तिने दुखरा उजवा हात मांडीवर ठेवला आणि एकट्या डाव्या हाताने स्टिअरिंग फिरवलं. मी तिच्या हाताकडे पाहत होते. मनगट ताठलं नाही, ओठ दाबले गेले नाहीत. गाडी उजवीकडे वळली. मागे एक कुंडीसुद्धा हलली नाही.

"हा!" दादा ओरडला. हा उद्गार त्याच्या इच्छेविरुद्ध निघाला असावा, कारण लगेच तो खिडकीबाहेर बघू लागला. पण डॅशबोर्डवरचे हात सुटले होते.

लेथच्या दारात मिस्त्री उभा होता. हातातला कपडा त्याने झेंड्यासारखा फडकवला. भिंगरीने एवढा लांब हॉर्न दिला की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

रोपवाटिकेत आल्यावर दादा आपण होऊन खाली उतरला, फाटक उघडलं आणि तिथेच उभा राहून त्याने फोन लावला. हॉटेलवाल्याशी तो मोठ्याने बोलत होता, बहुधा आम्हाला ऐकू यावं म्हणून. "नाही, नाही. विकायची नाहीये. अहो, उभी कशी करणार? ती कामावर आहे... माझी धाकटी बहीण चालवते... हो, तीच. पुढचं सगळं तिनेच बदललंय, म्हणजे अगदी हबपासून, आणि तुम्हाला सांगतो, तो स्टिअरिंगचा बॉक्स..."

"दादा," भिंगरीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "कौतुक मग कर. आधी पोती उतरव, मला दुसरी खेप आणायची आहे."