बसलं की बरा होणारा पाय

सिल्वासाजवळच्या सायली गावात, सुताच्या कारखान्यात पाळीभर मशिनींच्या रांगांमधून फिरायचं, हे माझं काम. १९९५च्या आसपास कधीतरी उजवी पोटरी दगा देऊ लागली. दोन फेऱ्या झाल्या की आवळून यायची. थांबलो की पाच मिनिटांत जणू काही झालंच नव्हतं. असलं दुखणं सांगायचं तरी कुणाला? सुपरवायझर म्हणाला, "खड़ा रहे तो ठीक, चले तो दर्द? डॉक्टर की चिठ्ठी लाओ तो बैठने का काम. नहीं तो घर जाओ."

माझ्या खोलीत धुळ्याकडचाच एक गाववाला राहायचा. दवाखाना म्हटलं की तो सायकल काढून तयार. "भाऊ, तू पायी चालू नको. मी शे ना!" मी कॅरिअरवर बसून सिल्वासाला जायचो, बाकावर तासभर बसायचो आणि नंबर येईपर्यंत पाय एकदम शहाणा. डॉक्टर पाय चाचपायचे. मग नव्या मशिनचा चिमटा माझ्या बोटाला लावून आकडा दाखवायचे. "ऑक्सिजन भरपूर आहे. ताकदीच्या गोळ्या घ्या."

दुसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. "साहेब, मी हातावर चालत नाही!" डॉक्टर हसले. मला रागाने रडू येत होतं.

तिसऱ्या वेळी, गाववाला पाळीवर असताना, पायीच निघालो. थांबत, शिव्या घालत पोचलो. सिस्टर म्हणाल्या, "बसा काका." नाही बसलो. व्हरांड्यात येरझारा घालत राहिलो. लोक वेड्याकडे बघावं तसे बघत होते. नंबर पुकारला तेव्हा पोटरी दगड झाली होती. तसाच आत शिरलो नि पाय टेबलावर ठेवला. "आत्ता बघा!"

डॉक्टरांनी पावलावर बोटं टेकवली. नाडी लागेना. डाव्या पायाची लागत होती. चिमटा उजव्या अंगठ्याला लावला, तर आकडाच येईना. चालताना पोटरीला रक्त पुरत नाही, विडी आजपासून बंद, असं म्हणत त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. वर माझ्यावरच डाफरले, "पहिल्याच वेळी असे चालत का नाही आलात?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दारात गाववाला दिसला. पाळी सुटल्या सुटल्या सायकल दामटत आलेला, घामाने निथळत होता.

"पायी कसाले उना रे तू?" पायी का आलो, म्हणून तो कळवळला.

मी चिठ्ठी खिशात घातली आणि कॅरिअरवर बसलो.