टाचण्या न काढता परत केलेली डिस्क

मास्तरांना दोन वस्तूंमधली एक निवडायला सांगायचं म्हणजे त्यांचा आठवडा घालवायचा. माणूस शिंपीकामात एक नंबर, हात हलका, स्वभाव गोड. पण निवडायची वेळ आली की संपलंच! चष्म्याची काडी मोडली तेव्हा नवी फ्रेम पसंत पडेपर्यंत सव्वा महिना कानाला दोरा बांधून हिंडले. लग्नाच्या वेळीही तेच. दोन वर्षं एकाच मुलीला दर रविवारी बागेत भेटत होते आणि "विचार करतोय" म्हणत होते. शेवटी तीच म्हणाली, "तुमचा विचार होईपर्यंत माझे केस पिकतील. उठा!" आणि मास्तर उठले. बायको म्हणून ती आजही त्यांना तसंच उठवते.

मास्तरांचं म्हणणं असं की कापड एकदा कापलं की कापलं, म्हणून आधी दहादा मोजावं. नियम कापडाला ठीक आहे हो, पण हा माणूस साबणाची वडी घेतानाही तोच नियम लावतो, त्याला काय करायचं?

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कापायचं लांब टेबल, खिडकीशी मशीन, भिंतीला अर्धवट शिवलेले कोट आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरला मास्तरांनी उरलेल्या कोटाच्या कापडाचं झाकण शिवलं होतं, कॉलर आणि चार बटणांसकट. रोज सकाळी बटणं सोडून झाकण काढायचं आणि दुकान बंद करताना पुन्हा लावायचं.

त्या कॉम्प्युटरमध्ये मास्तरांचा जीव अडकला होता, हे मी उगाच म्हणत नाही. एकतीस वर्षांत मोजलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप त्यात होतं. आधी ती सगळी मापं वह्यांत होती. वह्यांना कसर लागली, तेव्हा बायकोने वाचून दाखवायचं आणि मास्तरांनी एका बोटाने टाइप करायचं, असं दोघांनी दोन वर्षं केलं. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोने वह्या रद्दीत घातल्या. मास्तर "विचार करू" म्हणेपर्यंत रद्दीवाला कोपऱ्यावरून वळलाही होता.

नुसते आकडे असते तर एक वेळ पुन्हा घेता आले असते. पण प्रत्येक मापापुढे मास्तरांचा शेरा होता. टपालवाला: 'पोट आत ओढून उभा राहतो. गप्पा माराव्यात, श्वास सोडला की झटकन मोजावं.' दातांची डॉक्टरीण: 'कंबर दोन इंच कमी सांगावी, शिवताना खरी धरावी.' औषधांचा दुकानदार: 'उजव्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. खिसा दुहेरी.' निम्मी गिऱ्हाइकं आता म्हातारी झाली होती, काही दुसऱ्या शहरात मुलांकडे राहायला गेली होती. ती फोन करायची, "मास्तर, मागच्यासारखाच एक शिवून पाठवा." आणि हे 'मागच्यासारखं' ज्याच्या पोटात होतं तो कॉम्प्युटर एके दिवशी कुरकुरायला लागला.

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "रोज सकाळी कण्हतोय तो. आतलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवा. आजच्या आज!"

"आज चौकशी करतो," मास्तर म्हणाले. बायकोने कपाळावर हात मारला.

कोपऱ्यापलीकडे कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान होतं. मालकीण तिशीतली, बोलायला फटकळ, कामाला चोख. सगळे तिला कॉम्प्युटरवालीच म्हणत. तिने मास्तरांपुढे एक टीबीची, आत चकती फिरणारी साधी हार्ड डिस्क ठेवली. "काका, वायर जोडायची, सगळं हिच्यात कॉपी करायचं आणि हिला कपाटात ठेवून द्यायचं. झालं."

मास्तरांनी डिस्क तळहातावर तोलली. शिलाई तपासावी तशी कडेची जोडणी बोटाने चाचपली. "ही आटत तर नाही ना?"

"डिस्क आहे, काका. सुती कापड नाही."

"नाही पटली तर परत घेशील?"

"सात दिवसांत आणा, घेईन," ती म्हणाली. हे आपण कशाला बोललो, असं तिला पुढचे तीन आठवडे वाटत राहिलं.

मास्तरांनी घरी येऊन सगळी मापं डिस्कमध्ये उतरवून बघितली. न घालता कोट कसा पसंत करायचा? मग आत जागा किती उरली ते बघायला गेले आणि ताडकन उठले. खोक्यावर छापलेलं हजार जीबी आणि कॉम्प्युटर दाखवतोय नऊशे एकतीस! दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मास्तर दारात हजर.

"पोरी, हजारात एकोणसत्तर कमी! अगं, धुण्याआधीच आटली की ही!"

तिने बिचारीने समजावलं. बनवणारे हजार-हजारांनी मोजतात, कॉम्प्युटर एक हजार चोवीसांनी मोजतो. जागा तेवढीच, मोजायची पट्टी वेगळी.

"मग पट्टी एक ठेवा की! माझ्या फितीने असे चाळे केले असते तर या गल्लीत एकाला पँट चढली नसती."

"काका, तुमची सगळी मापं मिळून एका फोटोएवढी आहेत. सांडायला लागली तरी डिस्क भरणार नाही."

पण ऐकतील तर ते मास्तर कसले? पहिली परत. दुसरी डिस्क दुसऱ्या कंपनीची. तिच्यातही सगळं उतरवलं. ती गुणगुणायची आणि तापायची. "इस्त्री घरात आहे मला," असं म्हणून तीही परत. तिसरी मात्र मास्तरांना मनापासून आवडली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, आत चकती नाही, आवाज नाही, हातातून पडली तरी सहसा काही होत नाही. तिच्यात सगळं उतरवलं, सहा दिवस येता-जाता तिच्याकडे कौतुकाने बघितलं आणि सातव्या दिवशी परत नेली, कारण तिची वायर आखूड होती.

"वायर टेबलावरून लोंबकळते, पोरी. आखूड बाहीचा कोट मी देईन का कुणाला?"

"लांब वायर वेगळी मिळते, काका!"

"मग आधीच का नाही देत?" मास्तर म्हणाले आणि चौथी बघायला पुन्हा येतो असं सांगून निघाले. कॉम्प्युटरवालीने त्यांच्या पाठीला हात जोडले.

चौथी बघायला जायच्या दिवशी सकाळी मास्तरांनी झाकणाची चार बटणं सोडली, कॉम्प्युटर सुरू केला. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू केला. काळाच! मास्तरांनी वायर हलवून बघितली. ते कापायच्या टेबलाशी बसले आणि समोरची कात्री नुसती उघडत-मिटत राहिले. बायको बाहेर आली, तिने पडद्याकडे बघितलं आणि दुकानाचं दार लोटून घेतलं. तेव्हा मास्तरांना खरी भीती वाटली.

"एकतीस वर्षं गं," ते म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

बायको शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने एकदम विचारलं, "त्या डिस्का परत केल्यात, तेव्हा आतलं पुसलं होतंत?"

"पुसायचं असतं?"

"अहो, मापाला घातलेला कोट उतरवताना टाचण्या काढता की नाही?"

"काढतो ना."

"मग इथे टाचण्या तशाच ठेवून तुम्ही तीनदा कोट परत केलात! उठा!"

मास्तर उठले. दोघांनी कॉम्प्युटर कोपऱ्यापलीकडच्या दुकानात नेला. कॉम्प्युटरवालीने आधी तो उघडून बघितला आणि त्याची आतली डिस्क कायमची गेल्याचं सांगितलं. मग परत आलेल्यांचा हिशोब सांगितला. पहिली तिने स्वतः पुसून विकली होती. दुसरी कंपनीला परत पाठवली होती. "तुमचं बरोबर होतं, काका, ती खरंच बिघडलेली होती." तसल्या अवस्थेतही मास्तरांची मान थोडी वर झाली. "तिसरी उघडलेला खोका म्हणून स्वस्तात दिली. गडबडीत पुसायची राहून गेली. चूक माझी."

"म्हणजे मापं आहेत!" मास्तर ओरडलेच. "कुणाला दिलीस?"

"शाळेच्या मोठ्या बाईंना."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने तोंडाला पदराऐवजी हातातली पिशवीच लावली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. अशा ताठ की त्या रस्त्याने निघाल्या की बसथांब्यावर रेललेली माणसंही सरळ व्हायची. वीस वर्षं त्यांचे कोट मास्तरच शिवत होते. आणि त्यांच्या मापापुढचा शेरा बायकोला पाठ होता, तिनेच तो वाचून दाखवला होता: 'डावा खांदा पाऊण इंच खाली. आत पॅड घालावं. सरळ असल्याचा अभिमान आहे. सांगू नये.'

"वाचलं नसेल अजून," बायको म्हणाली. तिचा स्वतःचाही विश्वास नव्हता.

शाळेच्या कार्यालयात मोठ्या बाईंच्या टेबलावर ती डिस्क होती, आखूड वायरीसकट. मास्तर एकटेच आत गेले.

"बसा, मास्तर. शाळेचे जुने फोटो ठेवायला घेतली मी ही. उघडली तर आत अख्खी गल्ली कपडे काढून उभी!"

"बाई, तुम्ही वाचलंत?"

"फक्त माझं. दुसऱ्याचं वाचणं बरं नाही." त्यांनी समोरची पट्टी सरळ केली. "टपालवाल्याचं वाचलं. पण ते माझ्या वरच्याच ओळीत होतं."

मास्तरांना हसावं की नाही कळेना. बाई हसत नव्हत्या.

"वीस वर्षं मी मुलांना सांगतेय, माझ्याकडे बघा आणि सरळ उभे राहा. आणि उभी मी तुमच्या पॅडवर होते. काल घरी कोट काढून आरशासमोर उभी राहिले. खरं आहे तुमचं." त्या मास्तरांकडे वळल्या. "सांगितलं का नाहीत?"

"चुकलं, बाई." मास्तरांनी मान खाली घातली. "पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्ही नव्याने मोठ्या बाई झाला होतात. मी मोजत होतो आणि तुमचे हात थरथरत होते. म्हटलं, आज हे कशाला सांगायचं? मूठभर कापसात भागतंय. मग दरवर्षी तेच म्हणत राहिलो."

बाईंनी डिस्क टेबलाच्या कडेला सरकवली. मग उठल्या, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि मास्तरांकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"फीत आहे ना गळ्यात? मोजा. आणि खरं सांगा."

मास्तरांनी मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा एकदाच मोजलं.

"सव्वा इंच."

"पाऊण होतं ना?"

"वीस वर्षं झाली, बाई."

बाईंनी नाक पुसलं आणि एकदम खुदकन हसल्या. "मग पॅड जाड घाला, काय! आणि ही डिस्क मी देणार नाही हं. नवीन घ्या, तिच्यात कॉपी करून घ्या. एक तुमच्या घरी, एक माझ्या कपाटात कुलपात. तुमच्या घराला उद्या आग लागली तरी आमचे खांदे शाबूत राहिले पाहिजेत."

दुपारी कॉम्प्युटरवालीने उसासा टाकून चार खोके मांडले. मास्तरांनी एकालाही हात लावला नाही.

"तिसरीसारखीच दे."

"वायर आखूड आहे बरं का, काका."

"जवळ सरकून बसेन मी," मास्तर म्हणाले. दारात उभ्या असलेल्या बायकोला चौकटीचा आधार घ्यावा लागला.

कॉम्प्युटरला नवीन पोट बसवून मिळालं, मापं परत आत उतरली. सगळी आहेत का हे बघायला मास्तरांनी सगळ्यात आधी ओळ उघडली ती मोठ्या बाईंची. एका बोटाने 'सांगू नये' पुसलं, पाऊण इंच पुसलं आणि लिहिलं: 'डावा खांदा सव्वा इंच खाली. पॅड जाड घालावं. त्यांना माहीत आहे.'