ट्रे घेऊन येणारा माणूस

गेल्या महिन्यात एका काळजीनं माझी झोप उडवली. गच्चीवरच्या खेळात माझी मुलगी दरवेळी ट्रेच का धरते? काळजी एकटी येत नाही, मागचे किस्से सोबत घेऊन येते. एरवी मी ते मैत्रिणींना हसत हसत सांगायचे.

आमच्या अंबरपेठच्या घरात रविवारी दुपारी जुना इंग्रजी सिनेमा ठरलेला. माझे सासरे, बाबा, निवृत्त वकील. कॉलेज बुडवून आबिड्सच्या थिएटरांत पाहिलेले घोड्यांचे, बंदुकांचे, राजेमहाराजांचे पिक्चर ते आता टीव्हीवर पुन्हा बघतात. सोबतीला तेव्हाचेच जोडीदार, शेजारचे सिद्दीकीचाचा. बाबांच्या मांडीवर माझी सहा वर्षांची जुई. ते जुनं, नाकातलं इंग्रजी तिला झेपत नाही, म्हणून बाबा प्रत्येक डायलॉग मराठीत सांगत जातात. साक्षीदाराचा जबाब वाचल्यासारखे, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

एकदा पडद्यावर हिंदुस्थानचा महाराजा आला. रंग फासलेला गोराच. जुई म्हणाली, "आजोबा, याचा चेहरा तपकिरी आणि कान गुलाबी कसे?"

बाबा अडखळले. चाचांनी सावरून घेतलं. "मेकअप करनेवाले कू जल्दी थी होंगी बेटा, कानां भूल गया."

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच.

मग तो घोडेस्वारांचा सिनेमा. डोंगरावरून माणसं येत होती आणि पटापट पडत होती.

"हे कोण?"

"तिथलेच. आधीपासून राहणारे."

"मग गोळ्या त्यांनाच का लागतात?"

"हीरो कू पिक्चर खतम होने तक रहना पडता ना," चाचा म्हणाले. पण या वेळी बाबा हसले नाहीत. म्हणाले, "सिद्दीकी, आपण शिट्ट्या कुणासाठी मारल्या रे?"

चाचांनी चष्मा पुसला. "जिसका घोडा सफेद था, उसके वास्ते."

सिनेमा संपला की बिल्डिंगमधली मुलं गच्चीवर तोच खेळतात. एका रविवारी कपडे काढायला वर गेले, तर पहिल्या मजल्यावरची गोरीपान रिया मेमसाहेब होऊन खुर्चीत बसलेली. माझी जुई ट्रे म्हणून स्टीलचं ताट घेऊन मान खाली घालून उभी. जिना उतरताना मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू का नाही होत गं मेमसाहेब?"

"पिक्चरमधले ट्रेवाले माझ्यासारखे दिसतात ना," जुई म्हणाली. तक्रार नव्हतीच त्यात. रोल तिला आवडलेला होता.

मी एम.ए. झालेली, मुलं कशी वाढवावीत याचे व्हिडिओ बघणारी बाई. केलं काय? दुसऱ्याच दिवशी सुलतान बाजारात जाऊन चमचमता, घेरदार फ्रॉक आणला. जुई हरखली. फ्रॉक घालून गच्चीवर पळाली. मी मागोमाग गेले, तर फ्रॉकचा घेर एका हातात सावरत, दुसऱ्या हातात ताट धरून ती रियाला चहा देत होती.

शेवटी बाबांना म्हटलं, "हे सिनेमे बंद करू या का?" तारुण्यातलं एवढंच काय ते उरलंय त्यांच्याकडे.  तरी ट्रेचं सगळं सांगितलं.

"या रविवारी लावू," बाबा एवढंच म्हणाले.

रविवारी सिनेमात मोठा बंगला होता. नेहमीप्रमाणे दार उघडलं, काळासावळा नोकर ट्रे घेऊन आला, टेबलावर ठेवून उभा राहिला. आणि बाबा, जन्मात एक शब्द पदरचा न घालणारे बाबा, घसा खाकरून बोलू लागले.

"तो म्हणतोय, मॅडम, चहा ठेवलाय. मी आज लवकर जाणार. माझ्या मुलीचं गॅदरिंग आहे, ती राणी झालीय."

चाचांच्या लगेच लक्षात आलं. "और बोल रहा, शक्कर आप खुद डाल लो."

मी दारात उभी होते. कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली.

जुईनं पडद्याकडे पाहिलं, मग वळून बाबांच्या तोंडाकडे.

"आजोबा, तो काहीच नाही बोलला. त्याचं तोंड हललंच नाही."